दोन पंखे आणि चौथं चाक

आमच्या घरात एकूण तीन पंखे होते आणि त्यातल्या दोन पंख्यांच्या पात्यांची चित्रं बाबांनी स्वतः काढलेली होती. बाबा पंख्याच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. लोकांकडे पाहुणे आले की फोटोंचा अल्बम निघतो, आमच्याकडे पाहुण्यांना वर बघायला लावत. पात्याचा तो वाक बघा, म्हणायचे बाबा, ती वळणाची जागा माझी. पाहुणे माना वर करून कौतुक करायचे आणि मग मान चोळत चहा प्यायचे. भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या अलीकडे, नव्याने उगवलेल्या चार मजली इमारतींच्या गर्दीत आमची एक इमारत होती. गिरगावातली एक खोली विकून आम्ही तिथे दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर घेतलं, तेव्हा आईला सगळ्यात मोठा आनंद खिडकीचा झाला होता. खिडकीतून मिठागरं दिसायची. पांढरे चौकोन, त्यांच्यामधले मातीचे बांध, आणि उन्हाळ्यात मिठाच्या टेकड्या. ‘सी फेसिंग’ नाही तरी ‘मीठ फेसिंग’ घेतलंय आम्ही, असं आई नातेवाइकांना सांगायची.

मग कारखान्याने व्हीआरएस आणली. स्वेच्छानिवृत्ती म्हणायचं तिला, पण बाबांची त्यात काही स्वेच्छा होती असं मला आठवत नाही. शाल, नारळ, एक भिंतीवरचं घड्याळ आणि हार घेऊन बाबा घरी आले, हार खुंटीला लावला, आणि झोपायच्या खोलीत पलंगावर आडवे झाले ते जवळजवळ उठलेच नाहीत. आजारी नव्हते. ताप नाही, खोकला नाही. नुसते पडून पंख्याकडे बघायचे. त्या पंख्याला एक खोड होती, प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज यायचा. दिवसभर घरात ते टक्, टक्, टक् चालायचं आणि आई स्वयंपाकघरात त्या तालावर गप्प गप्प भाकऱ्या थापायची. एरवी पहिली आंबोळी तव्यावरून उतरायच्या आधी ताटावर येऊन बसणारा माणूस अर्ध्या आंबोळीवर हात धुवायला लागला. काळ्या वाटाण्यांची उसळ तशीच उरायची. मी तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि बापाशी काय बोलावं हे कळायचं ते वय नव्हतं. खरं म्हणजे ते वय अजूनही आलेलं नाही. आई मात्र एकदा भांडी घासता घासता मला म्हणाली, की माणूस भांडला असता तरी चाललं असतं, हे नुसतं वर बघणं मला सोसवत नाही विशू. मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि विसळत बसले.

ते उठले ते एका टीव्हीवरच्या कार्यक्रमामुळे. हॉलमधला टीव्ही पलंगावरून अर्धा दिसायचा. केबलवर हिंदीत डब केलेला काहीतरी परदेशी कार्यक्रम लागला होता, वेगाचे विक्रम मोडायला बनवलेल्या गाड्यांचा. एकेक गाडी म्हणजे रॉकेट आडवं करून त्याला चाकं लावलेली. आत माणूस निजल्यासारखा कोंबलेला. आणि ती धावायची कुठे, तर रस्त्यावर नव्हे, मिठाच्या पांढऱ्याशुभ्र मैदानावर. सपाट, कोरडं, क्षितिजापर्यंत नुसतं मीठ. निवेदक खर्जात सांगत होता की या गाडीला थांबवायला मागून पॅराशूट उघडावं लागतं. बाबा कधी उठून दारात उभे राहिले ते आम्हाला कळलंच नाही. कार्यक्रम संपला तसे ते खिडकीशी गेले, गजाला नाक लावून बराच वेळ बाहेर बघत राहिले, आणि कित्येक दिवसांनी पुरतं एक वाक्य बोलले.

“मीठ तर आपल्याकडेपण आहे.”

आईने हातातलं लाटणं हळूच खाली ठेवलं. आवाज झाला तर हे परत आडवे होतील अशी तिला भीती वाटली असणार.

बाबांची विक्रमाची कल्पना मोठी सरळ होती. इंजिनाच्या गाड्यांचे विक्रम परदेशातल्या लोकांनी करून ठेवलेत, जेटचे केलेत, बॅटरीचे केलेत. पण छताच्या पंख्यावर चालणारी जगातली सर्वांत वेगवान गाडी कोणी केलेली नाही. कोणी केलेलीच नाही, म्हणजे नुसती चालली तरी विक्रम. पंखा हवा खाली ढकलतो, तोच आडवा करून गाडीच्या पाठीला लावला तर हवा मागे जाईल आणि गाडी पुढे. मी म्हटलं, बाबा, पण पंखे कुठून आणणार? कारखान्याचं दार आता बंद होतं. तेव्हा आई ओट्याजवळूनच म्हणाली, हा घ्या की झोपायच्या खोलीतला. दिवस एप्रिलचे होते, घामाने अंगाला कपडे चिकटत होते, आणि आमची आई आपणहून पंखा उतरवून द्यायला निघाली होती. त्या वेळी मला वाटलं की उन्हाने हिचंही डोकं फिरलं. आज माझ्या घरी एसी आहे आणि तो बंद पडला की मी कंपनीला शिव्या देते, पण तेव्हा आईने काय हिशेब केला हे आता कळतं. वर पंखाच नसेल तर माणूस वर काय बघणार?

एका पंख्याने गाडी हलेना म्हणून हॉलमधलाही गेला. आम्ही तिघं स्वयंपाकघरातल्या छोट्या पंख्याखाली जेवायला, झोपायला आणि भांडायला लागलो.

बाबांच्या मदतीला इनासकाका आले. हे बाबांबरोबर कारखान्यात जोडणी विभागात होते, व्हीआरएस त्यांनीही घेतलेली. राहायला उत्तनच्या पुढे चौक गावात, घरची बोट, भाऊ मासे मारायचे. इनासकाका बसने यायचे ते पिशवीत सुके बोंबील आणि बोटीवरचं काहीतरी लोखंडी सामान घेऊन. दोघांनी मिळून तळमजल्याच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली. सायकलची दोन चाकं मागे, एक पुढे, मध्ये लोखंडी पाइपांचा सांगाडा, बसायला आमच्या जुन्या खुर्चीची वेताची बैठक. बैठकीखाली इन्व्हर्टर आणि बोटीची बॅटरी. पाठीमागे दोन पंखे शेजारी शेजारी, त्यामुळे गाडी लांबीपेक्षा रुंदीला जास्त झाली. पहिल्या चाचणीत ती जी सुटली ती उलट्या दिशेने, आणि तिने वॉचमनच्या खुर्चीला वॉचमनसकट भिंतीला नेऊन टेकवलं. पंखे इनासकाकांनी उलटे आवळले होते. बाबांना राग आला असेल असं वाटून मी बघितलं तर ते हसत होते. गाडी चालते, म्हणाले, दिशा बदलणं सोपं असतं. त्या दिवशी त्यांनी आंबोळ्या मागून घेतल्या. आई आंबोळीवर आंबोळी उतरवत राहिली.

थांबायचं कसं हा प्रश्न निघाला. परदेशात पॅराशूट लावतात, तर इनासकाकांनी दुसऱ्या दिवशी बोटीचा छोटा नांगर आणला. वेग जास्त झाला की पोरीने हा मागे टाकायचा. पोरगी म्हणजे मी, कारण त्या बैठकीत मावेल असं घरात दुसरं कोणी नव्हतं. बाबांनी कपाळाला हात लावला, म्हणाले, नांगराच्या वजनाने वेगच येणार नाही. पण आईला नांगर पसंत पडला. मुलगी माझी आहे, ती काहीतरी धरून बसली पाहिजे, असं तिने सांगून टाकलं. असा तो नांगर माझ्या मांडीवर आला.

खरी पंचाईत झाली ती चाकांवरून. आई एक दिवस चहा द्यायला खाली आली, गाडीभोवती फिरली आणि थबकली. चाकं तीन होती. तीन तिगाडा काम बिगाडा, असं म्हणून तिने कपबश्या परत उचलल्या. बाबांनी समजावलं की चौथं चाक म्हणजे जास्तीचं वजन, जास्तीचं घर्षण, रिक्षालाही तीनच चाकं असतात. आई म्हणाली, म्हणूनच रिक्षा कधी वेळेवर मिळत नाही. आई माळ्यावर चढली आणि माझा पांगुळगाडा घेऊन आली. लाकडी, कडेने रंग उडालेला, ज्याला धरून मी चालायला शिकले तो. नातवंडांसाठी जपून ठेवला होता. त्याचं एक चाक तिने स्वतः बत्त्याने ठोकून काढलं आणि बाबांच्या हातात दिलं. बाबांनी मग मध्यममार्ग काढला. पुढच्या चाकाशेजारी, त्याच पट्टीवर, ते लाकडी चाक बसवलं, पण जमिनीपासून बोटभर वर. आहे, पण टेकत नाही. दोन्ही पक्ष खूश.

विक्रमाचा दिवस मे महिन्यातला, रविवार. मिठागराच्या मुकादमाला बाबांनी आधीच गाठून ठेवलं होतं. तो बिचारा म्हणाला, चलाओ, मगर नमक में मत घुसाना. पंख्यांची पाती वेगळी काढून गाडी टेम्पोतून नेली आणि बांधावरच्या सरळ कच्च्या रस्त्यावर परत जोडली. वरच्या मजल्यावरच्या हंसाबेन वेळ घ्यायला आल्या होत्या, कारण इमारतीत स्टॉपवॉच असलेला मोबाइल त्यांच्याकडेच होता, नवाकोरा. त्यांनी डबाभर थेपलेही आणले. सकाळचं ऊन मिठावरून असं उसळत होतं की डोळे उघडवेनात. टीव्हीत दिसलं होतं तसंच पांढरं, फक्त मध्ये मध्ये बगळे आणि मिठावर टाकलेल्या प्लॅस्टिकच्या ताडपत्र्या. परवा मी त्या बाजूने गेले तर बांध कुठला आणि बिल्डिंगचं कंपाउंड कुठलं ते ओळखता येईना. असो.

नियम बाबांनी ठरवला होता. मुकादमाच्या झोपडीपासून मिठाच्या पहिल्या ढिगापर्यंत गाडी पंख्यांच्या जोरावर जायला हवी, मध्ये कोणी हात लावायचा नाही. हात लागला की विक्रम बाद. ढिगापाशी कपडे वाळत घालायची दोरी आडवी धरायची.

निघायच्या आधी आईने पूजा केली. नवी गाडी म्हटल्यावर हळदकुंकू, नारळ आणि चाकाखाली लिंबं आलीच. लिंबं चारही चाकांखाली ठेवली, गाडी जरा पुढे ढकलली. तीन चिरडली. चौथं, पांगुळगाड्याच्या चाकाखालचं, जसंच्या तसं. चाक टेकतच नव्हतं तर चिरडेल कसं? आईचा चेहरा पडला. एक लिंबू राहिलं तर मुलीला बसू देणार नाही, असं तिने सांगितलं, आणि हा तिचा सूर बाबांना पंचवीस वर्षांच्या संसारात ओळखीचा झाला होता. ते इनासकाकांना म्हणाले, पट्टी सैल करा आणि खाली घ्या थोडं. इनासकाका पाना घेऊन वाकले, पुढच्या पट्टीचे नट सैल केले, लाकडी चाक खाली सरकवलं, लिंबू पचकन फुटलं. आईने हात जोडले. इनासकाका आता नट आवळणार, तेवढ्यात हंसाबेननी थेपल्याचा डबा उघडला. गरम आहेत, आत्ताच खा, म्हणाल्या. गरम थेपल्यापुढे नटाचं काय चालणार?

खाऊन झालं. आई, हंसाबेन आणि मुकादम चालत ढिगाकडे गेले. आई आणि मुकादमाने दोरी धरली. मी बाबांचं स्कूटरचं हेल्मेट घातलं, नांगर मांडीवर घेतला आणि बसले. इनासकाकांनी माझ्या हेल्मेटवर टपली मारली.

“घाबरायचा न्हाय. ही गाडी हाय, बोट न्हाय बुडायला.”

बटणावर हात ठेवून बाबा मात्र समोर बघत होते, ओठ घट्ट मिटलेले. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती पडायची नव्हती. ही गाडी चालली नाही तर हा माणूस घरी जाऊन आडवा होईल आणि मग कुठल्या कार्यक्रमाने उठेल? त्याच्या पाठोपाठ त्याहून वाईट विचार आला. चालली तरी काय? विक्रम झाला, खेळ संपला, मग उद्या सकाळी ते काय करतील? पंखे परत छताला लागतील, टक् टक् सुरू होईल. आईने आदल्या दिवशी कोकमं भिजवताना अगदी हेच विचारलं होतं, की हे झाल्यावर पुढे काय गं? मी तिला काहीतरी थातूरमातूर सांगितलं होतं.

बाबांनी बटण दाबलं. पंखे फिरले, माझी ओढणी मागे ओढली गेली, धूळ उडाली, आणि गाडी तिथेच. इनासकाका पुटपुटायला लागले. मग हळूच, म्हणजे एखादं म्हातारं माणूस ‘चला आता’ म्हणून उठतं तशी, ती हलली. आणि चालायला लागली. खाडीवरून मागून वाराही आला. मी खोटं बोलणार नाही, सकाळचा सायकलवरचा पाववाला जेवढा जातो तेवढा वेग आला होता. पण जमिनीला इतक्या जवळ बसलं की तेवढाही खूप वाटतो. दोन्हीकडून पांढरं पांढरं सरकत होतं, पाठीमागे टक् टक् टक् वाढत चाललं होतं, आणि मी चक्क ओरडत होते. बाबा बाजूने पळत होते. बाबांना पळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

निम्मं अंतर झालं असेल, आणि पुढचं चाक निघालं. तुटलं नाही, पडलं नाही, सैल नटातून सुटून आपलं आपण निघालं आणि गाडीपेक्षा जोरात पुढे गेलं. मी त्याच्याकडे बघत राहिले. ते सरळ रस्त्याने ऐटीत घरंगळत दोरीखालून पलीकडे गेलं आणि मिठाच्या ढिगात रुतलं. मुकादम नंतर हिंदीत म्हणाला की पहिला नंबर चाकाचाच. इकडे गाडीचं नाक धप्पकन खाली आलं. आता फरफटणार म्हणून मी नांगर छातीशी धरला आणि डोळे मिटले. पण फरफट झाली नाही. कुईं, असा आवाज आला. मग परत कुईं. डोळे उघडले तर गाडी पांगुळगाड्याच्या चाकावर टेकली होती आणि चालत होती. बाळाची पहिली पावलं पडतात त्या वेगाने, पण चालत होती.

इनासकाका धावत आले आणि ढकलायला हात पुढे केले.

“हात लावू नका,” बाबा ओरडले. “बाद होईल.”

इनासकाका हात वर करून तसेच बाजूने चालायला लागले, पोलिसांनी पकडल्यासारखे. एक कुत्रं आम्हाला ओलांडून पुढे गेलं, थोडं थांबलं, आणि आमची कीव येऊन परत फिरलं. बाबा माझ्या दुसऱ्या बाजूला होते. त्यांनी दोन्ही हात पुढे पसरले होते, गाडीच्या दोन्ही अंगांना, न लावता, पण पडली तर धरता येईल असे. असं चालताना मी त्यांना नक्की पाहिलेलं असणार. फक्त तेव्हा मी एक वर्षाची असेन आणि हेच चाक तेव्हाही कुईं करत असेल. माझे डोळे भरून आले. हेल्मेटमुळे कोणाला दिसलं नाही.

तेवढ्यात हंसाबेनचा मोबाइल वाजला. सुरतेहून त्यांच्या नणंदेचा फोन. त्यांनी तो घेतला, हां बोलो बेन, म्हणाल्या, आणि स्टॉपवॉच तिथेच बंद पडलं. पण जगातला सर्वांत मोठा विक्रम चालू असताना नणंदेला ‘नंतर कर’ कोण सांगणार?

दोरी जवळ येत होती. आई दोरीचं टोक मुठीत आवळून उभी होती, आणि मी बघत होते की ती गाडीकडे बघतच नाहीये, बाबांच्या तोंडाकडे बघतेय. आता संपणार. चार हात राहिले, तीन हात राहिले. आणि बाबा, हात तसेच पसरलेले, घामाने निथळत, चाकाकडे बघून स्वतःशीच बोलावं तसं बोलले.

“पुढच्या वेळी पट्टीला दुहेरी नट लावायचा. आणि पुढच्या वेळी हे लाकडी चाकच मधे घ्यायचं.”

आईने ते ऐकलं. पुढच्या वेळी. तिची मूठ सुटायला हवी होती, पण ती दोरी सोडायचंच विसरली. गाडी दोरीला येऊन टेकली, कुईं थांबलं, आणि पंखे मात्र फिरतच राहिले कारण बटण बंद करायला कोणाला सुचलं नाही. खाडीवरच्या वाऱ्याने आईच्या साडीवर मीठ आणि धूळ उडत होती. गालावरून ओघळ आले होते ते ती पुसत नव्हती. बघा, चौथं चाक होतं म्हणून पोचली, असं ती कशीबशी म्हणाली. चौथं चाक होतं म्हणूनच पहिलं निघालं, असं बाबा म्हणाले. हंसाबेनना फोन ठेवल्यावर कळलं की वेळ काही नोंदला गेलेला नाही, आणि त्या तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. बाबांनी त्यांनाच समजावलं, की उलट बरं झालं बेन, आकडाच नाही, म्हणजे कोणाला मोडता येणार नाही. इनासकाकांनी यावर छातीवर क्रुसाची खूण केली. माझ्या माहितीप्रमाणे तो विक्रम अजून मोडलेला नाही.

मग आईने पदराने तोंड पुसलं, दोरी गुंडाळली आणि आपला नेहमीचा आवाज परत आणला.

“पुढच्या वेळी काय ते करा,” ती म्हणाली. “पण स्वयंपाकघरातला पंखा मिळणार नाही, आत्ताच सांगते.”

“तो लहान पडतो,” बाबा म्हणाले. “मी केव्हाच मोजून बघितलाय.”